परिणामाकडून पदार्थाकडे : मज्जातंतुवृद्धिकारक प्रथिनाची ओळख

एखाद्या पदार्थाचे अस्तित्व त्याच्या परिणामावरून मान्य करणे आणि तो पदार्थ प्रत्यक्ष ओळखणे यांत मोठे अंतर असते. मज्जातंतुवृद्धिकारक प्रथिनाचा इतिहास हा या अंतराचाच इतिहास होय.

इ. स. १९४८ मध्ये एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या अर्बुदाचे तुकडे कोंबडीच्या गर्भात रोपिले, तेव्हा गर्भाचे संवेदक तंतू त्या अर्बुदात शिरले. अर्बुदाने तंतूंना वाढीस अधिक क्षेत्र पुरविले, असा अर्थ त्यांनी लावला. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात व्हिक्टर हॅम्बर्गर आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी हा प्रयोग पुन्हा केला. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटलीत विद्यापीठास मुकलेल्या या विदुषीने तुरीन येथे शयनगृहातच प्रयोगशाळा मांडून गर्भाचा अभ्यास चालू ठेवला होता. १९४७ मध्ये हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेस आल्या. पुढे अर्बुद गर्भाबाहेरील आवरणावर ठेवले, तेव्हा गर्भाशी त्याचा संबंध केवळ रक्तप्रवाहातून उरला. तरीही गर्भातील अनुकंपी गुच्छिका मोठ्या झाल्या. कारण स्पर्शात नसून पसरणाऱ्या द्रव्यात होते, हे यावरून ठरले. १९५२ मध्ये रिओ दि जानेरो येथे काचपात्रातील गुच्छिकांवरही हाच परिणाम दिसला. एका दिवसात त्यांच्याभोवती तंतूंचे प्रभामंडल उमटे.

आता प्रश्न रसायनाचा होता. १९५३ मध्ये या कार्यात सामील झालेले स्टॅन्ली कोहेन यांना क्रियाशील अंशात प्रथिन व न्यूक्लिइक आम्ल ही दोन्ही आढळली. यांपैकी कार्य कोणाचे? आम्लाचे विघटन करण्यासाठी त्यांनी त्या अंशात सर्पविष मिसळले. तुलनेसाठी नुसते विषही तपासले, आणि त्यानेच तंतूंची वाढ अधिक जोमाने झाली! साधन म्हणून घेतलेले विष स्वतःच त्या द्रव्याचे समृद्ध भांडार ठरले. विषग्रंथी ही लालाग्रंथीचीच सजातीय. हे ध्यानी घेऊन शोध उंदराच्या लालाग्रंथीपर्यंत पोहोचला आणि तेथून ते प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळाले.

तथापि, परिणाम घडविणारा पदार्थ शरीरास आवश्यक असतोच असे नाही. त्याचे उत्तर प्रतिरक्तद्रवाने दिले. या प्रथिनाचा निरोध करणारा रक्तद्रव नवजात उंदरांना टोचताच त्यांच्या अनुकंपी गुच्छिका जवळजवळ नष्ट झाल्या. १९७१ मध्ये त्याच्या शृंखलेतील ११८ अमिनो आम्लांचा क्रमही निश्चित झाला.

ज्ञानाची ही वाटचाल शब्दांतही उमटली आहे. १९५४ च्या निबंधाच्या शीर्षकात हा केवळ 'घटक' आहे; १९६० च्या शीर्षकात तो 'प्रथिन' झाला. १९८६ चे नोबेल पारितोषिक लेव्ही-मोंताल्चिनी व कोहेन यांस मिळाले. १९५४ च्या निबंधाचे सहलेखक हॅम्बर्गर मात्र त्यातून वगळले गेले. प्रथिनाच्या रूढ इंग्रजी नावात 'फॅक्टर' हाच शब्द आजही टिकून आहे. पदार्थ पूर्णपणे ओळखला गेला, तरी तो अज्ञात असतानाच्या काळाची खूण त्याच्या नावाने जपली आहे.