माजी सैनिकांची रुग्णालये आणि रक्तदाबाचा निकाल

रक्तदाब वाढला की गोळी घ्यायची, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर कधी डॉक्टरांमध्येच मतभेद होते हे खरे वाटत नाही. १९६० च्या सुमारास पुष्कळ डॉक्टर म्हणत, वयाबरोबर रोहिण्या कडक होतात, तेव्हा रक्त पुढे ढकलायला दाब जास्त हवाच. तो उतरवणे धोक्याचे. हा वाद निकालात निघाला तो अमेरिकेत, माजी सैनिकांसाठी सरकारने चालवलेल्या रुग्णालयांत.

तिथेच का? दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. त्याच वर्षी क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने सुरू झाली. प्रशासन एक, नोंदी एकसारख्या, आणि रुग्ण पुन्हा पुन्हा तिथेच येणारे. अशी सोय खाजगी दवाखान्यांत कुठली असणार?

वॉशिंग्टनच्या रुग्णालयातील डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी तिचा उपयोग केला. रुग्ण गोळ्या खरोखर घेतात का, हे त्यांनी आधी पाहिले. गोळीत रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) घातले होते. अतिनील प्रकाशात लघवी चमकली, तर गोळी पोटात गेली! ही युक्ती विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. मग खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. ७३ जणांना औषधे, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते.

निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्यांत २७ जणांना गंभीर विकार जडले, त्यांपैकी चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत असे रुग्ण दोनच, आणि मृत्यू एकही नाही. या गटापुरता प्रयोग तिथेच थांबवण्यात आला. त्या ७० जणांवर अन्याय झाला का, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. आम्हांला वाटते, औषधाने भले होते की वाईट हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, हे विसरून त्याचे उत्तर देता येणार नाही.

दिलेल्या तीन औषधांपैकी एक होते रेसरपिन, म्हणजे आपल्या सर्पगंधेतले द्रव्य. या वनस्पतीच्या रक्तदाबावरील उपयोगाकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील लेखाने.

१९७० मध्ये ९० ते ११४ दाबाच्या ३८० रुग्णांचेही निष्कर्ष आले. औषधांचा फायदा तिथेही दिसला, पण १०५ च्या खाली तो तितका स्पष्ट नव्हता. हे रुग्णही सगळे पुरुषच. स्त्रियांबद्दल या अभ्यासांतून काहीच कळण्यासारखे नव्हते.