मोहॉक, शेंडी आणि वस्तरा : बुलढाण्यातून दिसणारा केसांचा इतिहास

लगीनसराईच्या दिवसांत खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या एखाद्या सलूनमध्ये थोडा वेळ बसले, की एक मागणी हमखास कानी पडते : ‘बाजूने झिरो मारा, मधला पट्टा ठेवा.’ भिंतीवर क्रिकेटपटू आणि फुटबॉलपटूंची छायाचित्रे असतात, त्यांतल्या एकाकडे बोट दाखवले जाते आणि मशीन सुरू होते. या कटाला सारेच मोहॉक म्हणतात. घरी गेल्यावर आजोबांचा अभिप्रायही ठरलेला असतो : ‘हे काय ध्यान!’

मात्र त्याच आजोबांच्या आजोबांचे जुने छायाचित्र घरात असेल आणि त्यात त्यांच्या डोक्यावर पागोटे नसेल, तर ते अवश्य पाहावे. तेही डोके चहूबाजूंनी वस्तऱ्याने साफ केलेले आणि एका ठरावीक जागी केस राखलेले असण्याचीच शक्यता अधिक. डोक्याचा काही भाग भादरायचा आणि काही भाग मिरवायचा ही कल्पना सातासमुद्रापलीकडून आलेली नाही. ती या मातीत दोन-अडीच हजार वर्षे मुरलेली आहे.

आधी त्या परदेशी नावाचा उलगडा केलेला बरा. मोहॉक हे उत्तर अमेरिकेतील एका मूलनिवासी समाजाचे इतरांनी रूढ केलेले नाव. ते स्वतःला कान्येनकेहाका, म्हणजे गारगोटीच्या प्रदेशातले लोक, म्हणवतात. आजच्या न्यू यॉर्क राज्यातील मोहॉक नदीचे खोरे ही त्यांची जुनी भूमी. हॉडेनोशोनी, अर्थात इरोक्वॉय या राष्ट्रसंघाचे ते एक घटक. पण कपाळापासून मानेपर्यंत जाणारा केसांचा उभा पट्टा ही त्यांची ठेवण नव्हतीच. तसा पट्टा राखत असत ते दूर पश्चिमेला, नेब्रास्का भागात राहणारे पॉनी लोक. १९३९ साली ‘ड्रम्स अलाँग द मोहॉक’ हा चित्रपट आला आणि त्यातल्या पात्रांमुळे पॉनींची केशरचना मोहॉकांच्या नावावर चढली. ब्रिटनमध्ये तिला मोहिकन म्हणतात. तेही तिसऱ्याच समाजाचे नाव.

मग खरे मोहॉक पुरुष काय करीत? ते केस वस्तऱ्याने काढत नसत, चिमटीचिमटीने उपटून टाकत, आणि टाळूच्या मागच्या बाजूला एक चौकोनी पुंजका तेवढा ठेवत. त्याच्या तीन लहान वेण्या घालून त्या सजवत. हे वर्णन मराठी वाचकाने डोळ्यांसमोर आणून पाहावे. ते चित्र सलूनमधल्या मोहॉकपेक्षा आपल्या घेरेदार शेंडीच्या अधिक जवळ जाते.

नावाचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीवर उडी घेण्यापूर्वी अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमधील काही छत्रीधारी सैनिकांनी डोक्यावर असे पट्टे राखले आणि चेहरे रंगवले. त्यांचा पुढारी जेक मॅकनीस याची आई चॉक्टॉ वंशाची होती. १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला नायक, त्यानंतर लंडनची पंक मंडळी, २००१ साली डेव्हिड बेकहॅम, २०१३ साली महेंद्रसिंग धोनी. तिथून चिखलीचे सलून फार लांब राहत नाही.

आता आपल्या बाजूकडे वळावे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठकुळातील लोकांना ‘दक्षिणतस्कपर्द’, म्हणजे उजव्या बाजूला केसांचा अंबाडा बांधणारे, असे विशेषण लावलेले आहे. नंतरच्या गृह्यसूत्रांच्या परंपरेत चौलसंस्काराच्या संदर्भात प्रत्येक कुळाची ठेवण निराळी सांगितली आहे : वसिष्ठांची शिखा उजवीकडे, अत्री व काश्यपांची दोन्ही बाजूंना, अंगिरसांच्या पाच शिखा, तर भृगू पूर्ण मुंडित. काही जण केसांची नुसती एक ओळ राखतात असाही उल्लेख तिथे येतो. ती ओळ डोक्यावर नेमकी कशी दिसत असेल, याची कल्पना करण्याचा मोह टाळणे अवघड आहे. मुद्दा एवढाच, की डोके पाहून माणसाचे कूळ ओळखता येत असे.

मराठीत या साऱ्याचा शब्दसंग्रहच उभा राहिला. शेंडी, घेरा, संजाब, कल्ले, झुलपे, बाळाचे जावळ, आणि या सर्वांवर अधिकार चालवणारी न्हाव्याची धोकटी, जिच्यात वस्तरा, नराणी, चिमटा आणि आरसा असे. शेंडी भाषेतही शिरली. निश्चय करणारा शेंडीला गाठ मारतो, फसवणारा शेंडी लावतो, हट्टाला पेटलेला शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणतो. चाणक्याने सोडलेल्या शेंडीची कथा ठाऊक नसलेला माणूस तर विरळाच. पुरुषाच्या डोक्यावरचा तो झुपका म्हणजे त्याची प्रतिज्ञा, त्याचे कूळ आणि त्याची पत.

न्हावी हा गावगाड्यातला बलुतेदार; वऱ्हाडात त्याला म्हाली असेही म्हणत. सुगीला धान्याच्या रूपाने त्याचे बलुते मिळे आणि वर्षभर तो गावाची डोकी सांभाळी. या साध्या व्यवहारात केवढी सत्ता दडलेली होती, हे दोन गोष्टींवरून कळते. एखाद्या घराला वाळीत टाकायचे झाले की गाव त्याचा न्हावी आणि परीट बंद करी. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांच्या डोक्याला गावच्या न्हाव्याचा वस्तरा मुळातच लागत नसे.

पण एक डोके असे होते, ज्याला वस्तरा नको असतानाही लागे.

वडील वारले की मुलगा क्षौर करवून घेतो. ते दुःखाचे चिन्ह असते, पण ते एकदाच; महिन्याभरात खुंट वाढतात आणि शेंडी तर तेव्हाही शाबूत असते. नवरा वारल्यावर ब्राह्मण विधवेचे आणि ब्राह्मणी वळण उचलणाऱ्या काही जातींतील विधवांचे जे केशवपन होई, ते एकदा करून संपणारे नव्हते. केस वाढले की न्हावी पुन्हा बोलावला जाई, आणि हे आयुष्यभर चाले. डोक्यावर शेंडीएवढाही केस उरत नसे. अंगावर आलवण आणि नावाच्या जागी ‘बोडकी’ हा शब्द. जी केस राखील ती ‘सकेशा’. तिच्या हातचे पाणी देवपूजेला चालत नसे. एकाच वस्तऱ्याखालून पुरुषाला मान मिळत होता आणि स्त्रीला शिवी.

या रूढीला आधार म्हणून स्कंदपुराणाच्या काशीखंडातले एक मत पुढे केले जाई : विधवेने बांधलेली वेणी परलोकातल्या नवऱ्याला बंधन होऊन बसते. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी जुने ग्रंथ तपासून दाखवले, की केशवपनाला प्राचीन आधार नाही, ही उत्तरकाळातली भर आहे. म्हणजे जिला सनातन म्हणून लादले गेले, ती रूढी त्या मानाने बरीच अलीकडची होती.

इथे बुलढाणा जिल्हा या इतिहासात येतो, आणि तोही कडेने नव्हे.

बुलढाणा म्हटले की सिंदखेडराजाच्या जिजाऊ, लोणारचे सरोवर आणि शेगावचे गजानन महाराज ही नावे ओठांवर येतात. ताराबाई शिंदे हे नाव मात्र मागाहून आठवते, आणि हे बरे नाही. १८५० च्या सुमारास बुलढाण्यात एका मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले. त्या काळच्या वऱ्हाडात हे धाडसच म्हणायचे.

१८८१ साली सुरतच्या न्यायालयात विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. आपल्या नवजात अर्भकाला मारल्याचा आरोप सिद्ध झाला, आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वृत्तपत्रांतून चर्चेला ऊत आला आणि ‘पुणे वैभव’ने त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्याच नीतीवर झोड उठवली. घराच्या चार भिंतींत वाढलेल्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून जे लिहिले, ते १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापले गेले. नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

त्या पुस्तकात न्हाव्याचा वस्तरा दोनदा चमकतो, आणि दोन्ही ठिकाणी तो नेमका कोणाच्या डोक्यावर आहे हे महत्त्वाचे आहे. एकदा त्या सांगतात, की नवरा मेलेल्या बाईचे हाल कुत्राही खाणार नाही. तिचे केस न्हाव्याकडून उतरवले जातात ते पाहणाऱ्या पुरुषांचे डोळे निवावेत म्हणून. दुसऱ्यांदा त्या वस्तराच उलटा फिरवतात. नवरा मेल्यावर बायकोने तोंड लपवावे हा धर्म असेल, तर बायको मेल्यावर पुरुषांनी दाढीमिशा भादरून उरलेला जन्म रानात का काढू नये? ते तर दहाव्या दिवशीच दुसरी करून आणतात.

हा प्रश्न आज वाचताना सहज ओलांडला जातो, कारण आजच्या तरुणाला मिशी म्हणजे एक स्टाइल वाटते. १८८२ साली मिशी उतरवायला सांगणे म्हणजे पुरुषाचे पुरुषपण उतरवायला सांगणे होते. ताराबाईंनी दयेची याचना केली नाही. तुमचाच नियम तुमच्याच चेहऱ्याला लावून पाहा, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या जातीत केशवपन सरसकट रूढ नव्हते. तरीही ब्राह्मण विधवेच्या डोक्यावरचा अन्याय त्यांनी आपला मानला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच पुस्तकात त्यांचा आणखी एक टोला आहे : पुरुषांनी पेहरावापासून आचारापर्यंत सारे सोयीने बदलून घेतले आणि जुना धर्म सांभाळण्याचे ओझे बायकांच्या डोक्यावर ठेवले.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले, याची कल्पना जोतीराव फुल्यांच्या लेखनावरून येते. १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांना ताराबाईंचा कैवार घ्यावा लागला, आणि त्यांचा रोख सत्यशोधक वर्तुळातल्या टीकाकारांवरही होता. चळवळीतले सगळे पुरुष आपोआप शहाणे होतात असे नाही.

तरी त्याच चळवळीतून काही वर्षांनी एक विलक्षण घटना घडली. १८९० साली मुंबईत, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार त्यांनी केला. सुधारणेचा इतिहास सांगताना सहसा वकील, संपादक आणि प्राध्यापक यांचीच नावे घेतली जातात. इथे ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, त्यांनी तो खाली ठेवला. त्यात त्यांची मजुरी बुडणार होती. ‘न्हावी बंद’ हे गावाचे जुने हत्यार. ते पहिल्यांदाच न्हाव्यांनी स्वतः, आणि एका दुबळ्या माणसाच्या बाजूने उगारले.

रूढी त्या सभेने संपली असे मात्र नाही. केशवपन विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिले, आणि शहरातला संप खेड्यातल्या माजघरापर्यंत पोचायला मधे पिढ्या गेल्या.

मोहॉकांच्या देशातही केसांची गोष्ट फॅशनपुरती थांबत नाही. कॅनडातील ब्रँटफर्ड इथे मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती. अमेरिकेत १८७९ साली कार्लाइलची शाळा उघडली. मूलनिवासी मुलांना घरातून आणून ‘सुसंस्कृत’ करणाऱ्या अशा शाळांत मूल दाखल झाले की आधी त्याचे लांब केस कापले जात, मग त्याची भाषा बंद केली जाई. कितीतरी समाजांत केस कापणे हे सुतकाचे चिन्ह होते. त्या मुलांना घरी कोणीतरी मेले आहे असे वाटत असेल तर नवल नाही. ज्या समाजाच्या मुलांवर ही कात्री चालत होती, त्याच समाजाचे नाव त्याच काळात चित्रपटगृहांतून एका केशरचनेला चिकटत होते.

बुलढाण्याच्या सलूनमधला मुलगा आज आरशात पाहून पट्टा दोन बोटे रुंद ठेवायला सांगतो, नाही आवडला तर पुढच्या महिन्यात काढून टाकतो. आजोबांची शेंडीही कधीतरी अशीच गेली. शहरातल्या शाळा, कचेऱ्या आणि इंग्रजी कट यांच्यापुढे तिने फारशी कुरकुर केली नाही. तिच्या जाण्यावर कोणी खटला भरला नाही की तिच्यासाठी कोणाला संप करावा लागला नाही.

ताराबाईंचे त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. ‘स्त्रीपुरुष तुलना’ जवळजवळ विस्मृतीत गेले. संशोधक स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा त्या ५०० प्रती छापून ९३ वर्षे उलटली होती.