डालड्याचा पिवळा डबा

तुपाला 'साजूक' असं मुद्दाम म्हणायची वेळ आपल्यावर डालड्याने जास्त आणली असावी, असं मला आपलं वाटतं. 'डाडा' नावाचं वनस्पती तूप परदेशातून यायचं, लिव्हर कंपनीने त्यात आपला 'ल' घुसवला आणि १९३७ साली डालडा झाला. तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखं थिजतं. रवाळ, पांढरं आणि मुख्य म्हणजे स्वस्त.

आमच्या आजीकडे दोन बरण्या असत. साजूक तुपाची देवाच्या निरांजनाला आणि वरणभातावर. डालड्याची तळणाला, पण ती फळीच्या मागच्या बाजूला! पाहुण्यांना दिसू नये म्हणून. डालड्याने डोळे जातात असं ती स्वतःच सांगायची आणि दिवाळीला त्यातच करंज्या तळायची. सात माणसांच्या घरात दुसरं काय परवडणार होतं?

लोकांचा मुख्य राग होता तो फसवणुकीचा. तुपात डालडा मिसळला तर ओळखायचा कसा? गांधीजींनी १९४६ साली 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं, पुढे संसदेत बंदीची विधेयकंही आली, पण बंदी काही झाली नाही. निदान रंग तरी घाला म्हणावं, तर पसंत पडेल असा टिकाऊ रंग सापडेना. शेवटी तोडगा निघाला तो मला भारी आवडतो: वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल सक्तीचं. भेसळीच्या तुपात आम्ल आणि फरफ्युरल टाकलं की तिळामुळे ते गुलाबी होतं. म्हणजे चोरी पकडायला तीळ!

मग वारं फिरलं. कोलेस्टेरॉलची भीती आली आणि तूपच आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं. 'वनस्पती' हा शब्द आता निरोगी वाटायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आमच्या काकांनी वरणभातावरचं तूप सोडलं. बेकरीची खारी मात्र चालू होती. त्या खारीतला वनस्पती कुणाच्या डोळ्यांवरही आला नाही.

१९९० साली मेन्सिंक आणि काटान ह्या दोघांनी नेदरलँड्समध्ये दाखवून दिलं, की अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात तयार होणारी ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवतेच, वर चांगलं कमी करते. म्हणजे आजीचा संशय खोटा नव्हता, फक्त डोळ्यांऐवजी हृदय. पण आपल्याकडे तेल-तुपातल्या ह्या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२चा जानेवारी उजाडला. बत्तीस वर्षं! तोवर ज्यांना साजूक परवडत होतं ते डालड्याला नावं ठेवत राहिले, आणि ज्यांना परवडत नव्हतं ते वडापावच्या गाडीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत तेच खात राहिले.

असो. आमची आत्या हल्ली भिंग घेऊन पाकिटामागची बारीक अक्षरं वाचते. तिच्या शंकरपाळ्यांना मोहन कशाचं असतं, ते मात्र ती अजूनही सांगत नाही.