सक्तीचा मनोरुग्णालय-प्रवेश
तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या संमतीविना रुग्णालयात ठेवण्याची कायदेशीर प्रक्रिया. 1912 च्या कायद्यात दंडाधिकाऱ्याचा आदेश मध्यवर्ती होता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 89 नुसार रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज व मनोविकारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी लागते. निव्वळ निदान पुरत नाही, इजेचा धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसावी लागते. मुदत कमाल 30 दिवस. त्यापुढे कलम 90 लागू होते. स्त्री वा अल्पवयीनाच्या प्रवेशाची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला 3 दिवसांत, इतरांची 7 दिवसांत द्यावी लागते. रुग्ण मंडळाकडे दादही मागू शकतो (पाहा : भारतीय संविधान, अनुच्छेद 21). हैदराबादेत मनोरुग्णांसाठी एर्रगड्ड्याची सरकारी संस्था आहे.