ऊस हंगामाआधी मोटारसायकल तपासा : आधी ब्रेक-लाईट, मग इंजिन

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, दसऱ्याला हार घालतो. पुढं दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की सातारा-सांगलीचे रस्ते उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांनी भरून जातात. त्यात अंधारही लवकर पडतो. चार महिने पावसा-चिखलात चाललेली गाडी घेऊनच आपण या रस्त्यावर उतरतो.

इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते, म्हणून ती लगेच मिस्त्रीकडं जाते. ब्रेकचे लायनर झिजले, लाईट मंद झाली तरी गाडी चालतच राहते, म्हणून ते काम मागं पडतं. गेल्या हंगामात रात्री उसाला पाणी पाजायला जाताना, रस्त्यातच बंद पडलेली ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. तिला मागं रिफ्लेक्टर नव्हता हे खरं. पण माझ्या हेडलाईटची काच धुरकट होती आणि ब्रेकही उशिरा लागला, हेही खरं. गाडी साईडपट्टीवर घातली म्हणून वाचलो. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढं जाते. म्हणून तपासणी या क्रमानं करा.

ब्रेक : ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक पूर्ण दाबून ड्रमजवळची बाणाची खूण बघा. बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला असेल तर लायनर संपले, ते बदलाच. नुसता नट आवळून दिवस ढकलू नका. पावसात केबलमध्ये पाणी जाऊन गंज धरतो, त्यामुळं लिव्हर जड लागत असेल तर केबल बदला. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. झाकणावर लिहिलेल्या नंबरचंच ऑइल घाला.

लाईट : संध्याकाळी भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर गाडी लावून त्यावर बसा. डीपरचा झोत हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून मागचा लाल दिवा लागतो का, ते घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. इंडिकेटर आणि हॉर्न तपासा. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा.

टायर : कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा त्रिकोण असतो. त्याच्या समोरच्या खाचेतल्या उंचवट्यापर्यंत नक्षी झिजली असेल तर टायर बदला. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणं, टायर थंड असताना भरा. डबलसीटला मागं जास्त हवा लागते.

चेन : मेन स्टँडवर लावून खालच्या बाजूची चेन मध्यावर वर-खाली करून बघा. बहुतेक साध्या गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर ढिलाई चालते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चाक मागं सरकलं की मागचा ड्रम ब्रेकही पुन्हा जुळवावा लागतो, हे अनेकदा विसरतं. जळकं ऑइल चेनला लावू नका, त्यात लोखंडाचा कीस असतो. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं.

चाक आणि हँडल : चाक उचलून आडवं हलवा. खडखडलं तर बेअरिंग बघा. हँडल मधेच अडकत असेल तर कोनसेट बघावा लागेल.

इंजिन : ऑइल सपाट जागेवर, मेन स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी चालू न करता मिस्त्रीला दाखवा. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी वाढलं की टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून टाकीच्या झाकणाचं रबर फाटलंय का बघा. गाडी बरेच दिवस उभी होती आणि आता धक्के देत असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका.

पाटण, जावली, महाबळेश्वर, शिराळा भागात गंजाकडं आणि केबलींकडं जास्त लक्ष द्या. माण, खटाव, आटपाडी, जतकडं फुफाटा जास्त, तिथं एअर फिल्टर लवकर भरतो. फोमचा फिल्टर धुता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र धुवायचा किंवा हवा मारायचा नसतो, तो बदलायचा.

गाडी धुतल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा. ओले लायनर सुरुवातीला धरत नाहीत.

शेवटी पीयूसी आणि विम्याची तारीख बघून घ्या. हे बघायला घरी अर्धा-पाऊण तास लागतो. सगळी कामं एकदम करायला पैसे नसतील तर आधी ब्रेक, लाईट आणि टायर करा. सीट कव्हर आणि पॉलिश नंतर झालं तरी चालतं. आणि रानात जायचं असलं तरी हेल्मेट घालूनच निघा.