न्यायोपार्जित धनाचा विनियोग : ब्र. जीवराज गौतमचंद दोशी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी अपरिग्रहावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. कांदिवलीत आयुष्यभर कापड मोजत बसलेल्या माणसाने या विषयावर लिहावे, हा थोडा विनोदच आहे. तेव्हा उपदेशाच्या वाटेस न जाता आपल्याच महाराष्ट्रातील एका श्रावकाचा इतिहास सादर करतो.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोने, धान्य यांच्या जोडीला ‘कुप्य’ हा शब्द येतो. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ रेशमी व सुती वस्त्रे, चंदन इत्यादी असा दिला आहे. म्हणजे माझ्या दुकानातील सारे तागे त्यात आलेच! किती ठेवावयाचे ते आधी ठरवावे व मग ती मर्यादा ओलांडू नये, एवढेच हे व्रत गृहस्थाकडून मागते.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले. संसारातून त्यांचे मन कित्येक वर्षे हळूहळू निवृत्त होत होते. 1940 मध्ये आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्म व समाज यांच्या कार्यास लावावी, असा त्यांनी निश्चय केला. मात्र कोणत्या कार्यास, हे त्यांनी एकट्याने ठरविले नाही. देशभर फिरून जैन विद्वानांची मते त्यांनी गोळा केली आणि 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ क्षेत्रावर विद्वानांची सभा भरविली. आपण मात्र देणगी देण्यापूर्वी पाटी कोठे लागणार, हे विचारतो. (मीही एकदा विचारले आहे.)

त्या सभेतून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्मास आला. प्रारंभी त्यांनी 30,000 रुपये दिले. पुढे विरक्ती वाढत गेली आणि 1944 मध्ये सुमारे 2,00,000 रुपयांची आपली संपूर्ण संपत्ती त्यांनी ट्रस्टरूपाने संघाच्या स्वाधीन केली. हा महायुद्धाचा काळ होता, हे विसरू नये. 1943 मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले होते आणि साठा दडवून नफा कमावणे सोपे झाले होते. अशा दिवसांत ‘न्यायोपार्जित’ या शब्दास वजन होते. माझ्या जुन्या वह्या उघडल्या तर प्रत्येक पानास तो शब्द लावता येईल, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग 1943 मध्ये व दुसरा 1951 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांच्यासारखे संपादक लाभल्याने यतिवृषभाचार्यांचा हा प्राकृत ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. पूर्वाचार्यांच्या ऋणाची जाणीव ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही. दि. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांनी शांतपणे समाधिमरण स्वीकारले.

मला विशेष वाटते ते 1941 ते 1944 या तीन वर्षांचे. सारे एकदम सुटले नाही. आधी काही भाग सुटला, मग उरलेले. दुकान मुलाच्या हाती सोपवून मला दोन वर्षे झाली, तरी गल्ल्याची एक किल्ली अद्याप माझ्या जानव्यास असते. परिग्रह-परिमाणासाठी वही मात्र घातली आहे. घर, सोने, ठेवी यांचे आकडे लिहून झाले. वस्त्रांचा रकाना तेवढा कोरा आहे. तो येत्या पर्युषणापूर्वी भरावयाचा आहे.