सूत्रे कोणाच्या हाती? : टोनी डंजी आणि अमेरिकन फुटबॉल

खेळाच्या मैदानावर जातपात नसते, असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. हा भाबडेपणा दूर व्हायला पालवणकर बाळूचे एक उदाहरण पुरे आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा, चर्मकार समाजातला हा गोलंदाज हिंदू संघाला हवा होता. कर्णधार म्हणून मात्र नको होता. कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३ साली, धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला, आणि तेही भावांनी भांडण मांडल्यानंतर. घाम गाळायला माणूस चालतो. सूत्रे द्यायची वेळ आली की त्याची जात आठवते. अमेरिकेत जातीच्या जागी वर्ण आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये ही गोष्ट इतकी उघडी आहे की टोनी डंजी या एका माणसाची कारकीर्द पाहिली तरी सगळी रचना ध्यानात येते.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. लांबोडका चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा तो फेकायचा. चढाईचे अकरा खेळाडू वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. चढाईच्या केंद्रस्थानी क्वार्टरबॅक असतो. चेंडू आधी त्याच्या हाती येतो, डाव तो सांगतो, आणि समोरची फळी पाहून ऐनवेळी डाव फिरवतो तोही तोच. म्हणजे मैदानावरचा मेंदू. या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये दार उघडले; पण आत घेतलेल्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. ज्या जागेवर पळायचे, अडवायचे, धडका घ्यायच्या ती काळ्यांची; जिथे विचार करून इतरांना हुकूम द्यायचा ती गोऱ्यांची. लॉय आणि मॅकेल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली या जागांचा हिशेब मांडून दाखविला. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी ठरविले होते, ते ज्यांनी वाचले आहे त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

डंजीचा जन्म १९५५ चा, मिशिगन राज्यातल्या जॅक्सनचा. आईवडील दोघेही शिक्षक. मिनेसोटा विद्यापीठात तो क्वार्टरबॅक होता, आणि विद्यापीठ सोडले तेव्हा तिथले चेंडूफेकीचे मुख्य विक्रम त्याच्या नावावर होते. १९७७ साली व्यावसायिक संघांनी खेळाडूंची निवड केली. बारा फेऱ्या झाल्या. त्यांपैकी एकाही फेरीत कोणी त्याचे नाव घेतले नाही. पुढच्याच वर्षी वॉरन मून या काळ्या क्वार्टरबॅकलाही कोणी निवडले नाही. तो कॅनडात खेळायला गेला. डंजीने दुसरी वाट धरली. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतले ते बचावफळीत, प्रतिस्पर्ध्याने फेकलेले चेंडू अडविण्यासाठी. त्याच वर्षी ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात संघाचे क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि नाइलाजाने डंजीला त्या जागेवर उभे केले. त्या एकाच सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिरावला आणि त्याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने हिरावला. अडचण सरली की तो पुन्हा बचावात. १९७८ च्या हंगामात त्याने संघात सर्वाधिक, सहा चेंडू हिरावले आणि स्टीलर्सने सुपर बोल जिंकला. खेळाडू म्हणून त्याचे दिवस तीनच हंगामांत संपले.

पण डोके संपले नव्हते. १९८१ साली स्टीलर्सचे प्रशिक्षक चक नोल यांनी त्याला सहाय्यक म्हणून घेतले; १९८४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो संपूर्ण बचावाचा प्रमुख झाला. तिथून मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला त्याला बारा वर्षे लागली. मधल्या काळात १९८८ चा हंगाम वाईट गेला तेव्हा त्याला खालच्या जागेवर यायला सांगण्यात आले. त्याने राजीनामा दिला आणि आधी कॅन्सस सिटी, मग मिनेसोटा येथे काम केले. याच १९८८ च्या जानेवारीत जिमी स्नायडर नावाच्या दूरचित्रवाणी समालोचकाने, प्रशिक्षकाच्या जागाही काळ्यांनी घेतल्या तर गोऱ्यांना काही उरणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याची नोकरी गेली. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की इतरांच्या पोटातले त्याच्या ओठावर आले. आधुनिक काळातला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला गेला तो १९८९ साली. वास्तविक १९२१ मध्येच फ्रिट्झ पोलार्ड या काळ्या खेळाडूने अ‍ॅक्रन संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले होते! अडुसष्ट वर्षांचे हे अंतर लायकीच्या अभावाचे म्हणायचे काय?

१९९६ मध्ये टॅम्पा बे या संघाने डंजीला नेमले. हा संघ वर्षानुवर्षे हरणारा. पहिल्या नऊ सामन्यांत डंजीनेही आठ गमावले. तो मैदानावर ओरडत नसे, शिव्या देत नसे. प्रशिक्षक हा शिक्षक असतो अशी त्याची धारणा. स्टीलर्समध्ये खेळाडू म्हणून शिकलेल्या बचावाच्या मांडणीला त्याने मॉन्टी किफिनच्या साथीने नवे रूप दिले. मागे दोन रक्षकांनी मैदान अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे आणि मधल्या फळीतल्या एकाने खोल मागे सरकून दोघांमधली फट बुजवायची. ‘टॅम्पा टू’ या नावाने ही रचना पुढे अनेक संघांनी उचलली. ज्याला विचार करण्याची जागा नाकारली, त्याने बचावाच्या बाजूने विचार करून दाखविला. पाच वर्षांत चारदा संघ बाद फेरीत गेला. तरी जानेवारी २००२ मध्ये डंजीला काढून टाकले, आणि वर्षभराने त्यानेच घडविलेल्या बचावाच्या बळावर टॅम्पाने दुसऱ्याच्या हाताखाली सुपर बोल जिंकला.

त्याच महिन्यात दहा वर्षांतल्या पहिल्या वाईट हंगामानंतर डेनिस ग्रीन या दुसऱ्या काळ्या प्रशिक्षकालाही मिनेसोटा सोडावे लागले. तेव्हा जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी आकडेवारीच मांडली, की काळे प्रशिक्षक अधिक जिंकतात, तरी त्यांना उशिरा नेमतात आणि लवकर काढतात. खटल्याच्या धाकाने लीगने नियम केला : मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घ्यावी. स्टीलर्सच्या मालकावरून त्याला रूनी नियम म्हणतात. हे आरक्षण नव्हे, केवळ मुलाखत. तरी २००२ मध्ये दोन असलेले काळे मुख्य प्रशिक्षक २००६ मध्ये सात झाले. ४ फेब्रुवारी २००७ रोजी डंजीच्या इंडियानापोलिसने शिकागोला हरवून सुपर बोल जिंकला. असा विजय मिळविणारा तो पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. समोरचा लव्ही स्मिथ हा टॅम्पात त्याच्याच हाताखाली तयार झालेला. स्वतः वर गेल्यावर शिडी ओढून न घेणारी माणसे आपल्याकडेही मोजकीच आहेत.

डंजीचे सगळेच पटण्यासारखे नाही. २००७ मध्येच त्याने समलिंगी विवाहाच्या विरोधकांना जाहीर पाठिंबा दिला. नाकारला गेलेला माणूस दुसऱ्याला नाकारताना कचरतोच असे नाही. बाळूही १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता. म्हणून त्याच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही.

नियमाचे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या काळ्या प्रशिक्षकाने लीगवर खटला भरला. नाव आधीच ठरले होते आणि आपली मुलाखत निव्वळ देखावा होती, असा त्याचा आरोप. त्या दिवशी बत्तीस संघांत काळा मुख्य प्रशिक्षक एकच होता. अशा मुलाखतीला मी बसलो आहे. एका महाविद्यालयात, राखीव जागेसाठी. माझी पाळी यायच्या आधीच शिपाई हळूच म्हणाला, ‘‘सर, चहा घ्या आणि गाडी पकडा.’’ योग्य उमेदवार मिळाला नाही, असा शेरा पडून ती जागा रिकामी राहिली.

१२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळे होते, पॅट्रिक महोम्स आणि जॅलेन हर्ट्स. डंजीला १९७७ मध्ये नाकारलेली ती जागा. दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक गोरे होते.